पाठीचं ऑपरेशन ठरल्यावर: रजा, घर, कागदपत्रं आणि कामावर परतणं

"किती दिवस रजा टाकू?" असं डॉक्टरांना विचारलं की बहुतेक वेळा "सहा आठवडे धरा" हे उत्तर मिळतं. उत्तर चुकीचं नसतं, पण अपुरं असतं. तुम्ही दिवसाचे नऊ तास खुर्चीत बसता, वर्गात उभं राहून शिकवता, की गोदामात पोती उचलता, हे त्या उत्तराला माहीत नसतं. विरारहून चर्चगेटपर्यंत लोकलमध्ये दाबून उभं राहायचं आहे, हेही माहीत नसतं. कमरेच्या मणक्याच्या ऑपरेशननंतर चालणं लवकर जमतं, बसणं उशिरा जमतं आणि वाकून उचलणं सगळ्यात शेवटी. म्हणून रजा ऑपरेशनच्या नावावरून ठरवू नका, रोज तुमच्या कमरेवर काय पडतं त्यावरून ठरवा. या लेखाचा बहुतेक भाग त्या हिशोबाचाच आहे.

इथे कमरेच्या मणक्यावरच्या, आधी तारीख ठरवून होणाऱ्या ऑपरेशनबद्दल लिहिलं आहे. एक गोष्ट मात्र तयारीसाठी थांबत नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, दोन्ही पायांतली ताकद कमी होत चालली, यातलं काहीही दिसलं तर रजा, विमा, घर सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. अशा वेळी उशीर झाला तर गेलेला ताबा परत येईलच असं नाही. पाऊल उचलताना लोंबकळू लागलं आणि ते वाढत असेल, तर तेही त्याच दिवशी सर्जनला कळवा.

याउलट, दुखतंय पण ताकद शाबूत आहे, अशा वेळी घाई करायची गरज नसते. दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकल्यामुळे पायात येणारी कळ बऱ्याच जणांची सहा ते बारा आठवड्यांत औषधं आणि व्यायामाने कमी होते. दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायचं असेल तर हीच वेळ. फक्त रिपोर्ट नेऊ नका, एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी न्या, कारण सर्जनला चित्रं स्वतः पाहायची असतात.

ऑपरेशनचं पूर्ण नाव लिहून घ्या

"मणक्याचं ऑपरेशन आहे" एवढंच सांगून रजा, विमा आणि घर यांपैकी काहीच ठरवता येत नाही. सर्जनकडून कागदावर नाव घ्या: कोणती पातळी, म्हणजे कोणत्या दोन मणक्यांमधली जागा (एल४-एल५, एल५-एस१), नेमकं काय करणार, आणि स्क्रू किंवा केज (दोन मणक्यांमध्ये बसवायचा आधाराचा ठोकळा) बसवणार का. ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात मायक्रोडिसेक्टॉमी आणि डिकम्प्रेशन येतात: नसेवर दाब आणणारा गादीचा तुकडा किंवा हाड काढतात, एक-दोन दिवसांत घरी पाठवतात. दुसरा गट फ्यूजनचा: दोन मणके स्क्रू आणि केजने जोडतात, रुग्णालयात साधारण तीन ते पाच दिवस जातात आणि हाड खरोखर जुळायला पुढचे काही महिने लागतात. स्क्रू पहिल्या दिवसापासून धरून ठेवतात, पण ते हाड जुळेपर्यंतचा आधार असतात. बरं वाटलं म्हणून सहाव्या आठवड्यात सिलिंडर उचलला, तर ताण त्या अजून न जुळलेल्या जागेवर येतो.

आणखी एक गोष्ट आधी स्पष्ट असू द्या. या ऑपरेशनमुळे पायातली कळ जितकी खात्रीने कमी होते, तितकी कंबरदुखी होत नाही. बधिरपणा तर कित्येक महिने रेंगाळू शकतो. हे माहीत नसलं की तिसऱ्या आठवड्यात तळपाय अजून सुन्न आहे म्हणून माणूस घाबरतो आणि ऑपरेशन फसलं असं धरून बसतो.

रजेचा हिशोब

सर्जनला भेटायच्या आधी अर्धं पान लिहा. रोज किती तास बसतो, सलग जास्तीत जास्त किती वेळ. किती वजन उचलतो, जमिनीवरून की टेबलावरून. प्रवास कशाने, किती वेळ, उभ्याने की बसून. जिने किती. दुचाकी चालवावी लागते का. हे पान समोर ठेवून विचारा: "यातलं कोणतं काम कोणत्या आठवड्यात सुरू करू?" उत्तर त्याच पानावर लिहून घ्या.

अंदाजासाठी सर्वसाधारण आकडे देतो. नेमका आकडा तुमचे सर्जनच ठरवतील. मायक्रोडिसेक्टॉमीनंतर घरून, मधेमधे उठत करायचं टेबलाचं काम दोन ते चार आठवड्यांत सुरू होऊ शकतं. तेच काम कार्यालयात जाऊन करायचं असेल तर चार ते सहा आठवडे धरा. दिवसभर उभं राहण्याच्या कामाला सहा ते आठ आणि वजनाच्या कामाला बारा आठवडे तरी. फ्यूजननंतर टेबलाच्या कामाला सहा ते बारा आठवडे आणि अंगमेहनतीच्या कामाला तीन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त. ऑफिसचं काम हलकं असतं असं सगळे धरून चालतात, पण बसल्यावर कमरेच्या गादीवर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो. म्हणून लवकर परतलेल्या माणसाची कंबर बहुतेक दुपारपर्यंत बोलू लागते.

घरातल्या बाईची रजा कुणीच मोजत नाही, म्हणून ती इथे मोजून देतो. भरलेली वीस लिटरची बादली म्हणजे वीस किलो. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण तीस किलो, त्यातला गॅस १४.२ किलो. पाच लिटरचा कुकर वरणभाताने भरला की सहा-सात किलो होतो. ओल्या चादरींची बादली याहून जड. पहिल्या सहा आठवड्यांत बहुतेक सर्जन दोन-तीन किलोंच्या वर काही उचलू देत नाहीत. म्हणजे पाणी भरणं, धुणं, केर-फरशी, लहान मुलाला उचलून घेणं ही कामं दोन ते तीन महिने दुसऱ्याच्या हातात जायला हवीत. ती कुणाकडे जाणार, हे तारीख ठरवण्याआधी घरात नावानिशी ठरवा. "बघू, जमेल तसं" असं म्हटलं की दहाव्या दिवशी तीच बाई वाकून केर काढताना दिसते.

शेतकऱ्यांनी तारीख हंगाम पाहून घ्यावी. रब्बीची काढणी संपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑपरेशन झालं तर जूनच्या पेरणीपर्यंत तीन-चार महिने मिळतात. फ्यूजन असेल तर तेवढ्यातही ट्रॅक्टरवर बसायची परवानगी मिळेलच असं नाही, कारण सीटच्या धक्क्यांचा त्रास वजनाइतकाच असतो. पायातली ताकद जात असेल तर मात्र हंगाम बघू नका.

आता रजा कोणत्या खात्यातून? राज्य सरकारी कर्मचाऱ्यांकडे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नुसार वर्षाला ३० दिवस अर्जित रजा आणि २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर अर्धवेतनी रजा पूर्ण पगाराची, म्हणजे परिवर्तित, करून घेता येते. तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. ४० दिवसांच्या परिवर्तित रजेला ८० दिवस अर्धवेतनी शिल्लक लागते. आस्थापना शाखेकडून शिल्लक लेखी घ्या, तोंडी आकड्यावर बेत करू नका.

खासगी नोकरीत महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू असेल तर वर्षाला ८ नैमित्तिक रजा मिळतात, आणि २४० दिवस काम केलेल्याला २० दिवसांच्या कामामागे एक अर्जित रजा. ती ४५ दिवसांपर्यंत साठते. आजारपणाच्या वेगळ्या रजेसाठी कंपनीचं धोरण वाचावं लागेल. ऑपरेशन नव्या वर्षाच्या तोंडावर असेल तर खात्यात नवी रजा कधी जमा होते ते बघा. एका आठवड्याच्या फरकाने बिनपगारी दिवस वाचू शकतात.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर हक्काचा आधार आहे. आधीच्या सहा महिन्यांच्या अंशदान कालावधीत ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं असेल तर आजारपणाचा लाभ सरासरी रोजाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. दीर्घ आजारांच्या यादीत मणक्यामधली गादी सरकणं येतं. त्यामुळे सलग दोन वर्षांची नोकरी आणि पुरेसं अंशदान असलेल्यांना पुढे ८० टक्के दराने विस्तारित लाभ मागता येतो. अट अशी की प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरांकडून वेळच्या वेळी घ्यावं लागतं. खासगी सर्जनचं पत्र फाइलमध्ये ठेवून दोन महिन्यांनी गेलं तर मधले दिवस अडकतात.

अर्ज किमान तीन-चार आठवडे आधी द्या. मजकूर साधा असावा:

"माझ्या कमरेच्या मणक्यावर (एल४-एल५) दि. ___ रोजी शस्त्रक्रिया ठरली आहे. सर्जनच्या सल्ल्यानुसार दि. ___ ते दि. ___ वैद्यकीय रजा मिळावी. दि. ___ च्या तपासणीनंतर मुदतीत बदल झाल्यास त्याच दिवशी कळवीन. परतल्यावर पहिले ___ आठवडे अर्धा दिवस काम आणि वजन न उचलण्याची सवलत मिळावी. सर्जनचं पत्र सोबत जोडलं आहे."

तपासणीची तारीख आणि परतल्यानंतरच्या सवलती पहिल्याच अर्जात आल्या की पुढे रजा वाढवताना वाद होत नाही. सर्जनच्या पत्रात निदान, ऑपरेशनचं नाव, पासून-पर्यंत तारखा, सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा. नुसतं "विश्रांतीचा सल्ला" लिहिलेलं पत्र मनुष्यबळ विभागातून हमखास परत येतं.

पैसा आणि विमा

विम्याची पॉलिसी काढून आधी दोन जागा वाचा. पहिली, प्रतीक्षा कालावधी. गादी सरकण्यासारखे मणक्याचे विकार बहुतेक वैयक्तिक पॉलिसींत ठरावीक आजारांच्या यादीत असतात. त्यांना साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त तीन. अपघाताने झालं असेल तर ही अट लागत नाही. कंपनीच्या समूह विम्यात ती बहुतेक माफ असते, म्हणून नोकरी बदलायच्या बेतात असाल तर ऑपरेशन आधी की राजीनामा आधी, याचा विचार करा.

दुसरी जागा खोलीभाड्याची मर्यादा. समजा मर्यादा ५,००० रुपये आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. मग फक्त वरचे तीन हजार भरून सुटका होत नाही. पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल तर सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर यांच्याही बिलाचा आठात पाच इतकाच भाग मंजूर होतो. एका खोलीपायी पाऊण लाखाचा फरक पडू शकतो. स्क्रू-केजचा खर्च या कपातीत धरत नाहीत, पण त्यांचं वेगळं बिल आणि पाकिटावरचा बॅच क्रमांकाचा स्टिकर लागतो. तो स्टिकर डिस्चार्जच्या कागदांत चिकटवलेला आहे की नाही, हे घरी निघण्याआधीच तपासा.

कॅशलेससाठी रुग्णालयाच्या विमा कक्षात चार-पाच दिवस आधी कागद द्या. दाखल होताना जो डॉक्टर इतिहास लिहून घेतो, त्याला खरं आणि नेमकं सांगा. "पाठ जुनी दुखतेच हो, पाच-सहा वर्षं" असं सहज बोललेलं वाक्य कागदावर "पाच वर्षांपासूनचा आजार" होतं आणि दावा तिथेच अडकतो. कधीतरी कंबर भरून यायची आणि पायातली कळ याच मार्चपासून सुरू झाली, असं असेल तर दोन्ही वेगवेगळं सांगा. लपवू मात्र काही नका. जुने एमआरआय रुग्णालयांच्या नोंदीत असतात.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं नेमकं ऑपरेशन यादीत आहे का, हे अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना दाखल होण्याआधी भेटा. बिल झाल्यावर मागितलेली सवलत फार अवघड जाते. पीएफमधूनही आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते. मात्र यूएएनला (पीएफच्या कायम खाते क्रमांकाला) आधार आणि बँक खाते जोडलेलं, नावाचं स्पेलिंग जुळलेलं हवं. ते दुरुस्त करण्यातच कधी महिना जातो, म्हणून आजच बघा.

सरकारी कर्मचाऱ्यांनी हे गृहीत धरू नये की खासगी रुग्णालयातल्या कोणत्याही नियोजित ऑपरेशनची प्रतिपूर्ती मिळतेच. मान्य आजारांच्या यादीत तुमचं प्रकरण बसतं का, हे कार्यालयाकडून लेखी घ्या.

शरीराची तयारी: शेवटचे सहा आठवडे

सगळ्यात मोठं काम तंबाखूचं. सिगारेट, बिडी, गुटखा, चुना-तंबाखू आणि मशेरी, सगळ्यात निकोटीन आहे. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं; जखम भरायला आणि हाड जुळायला लागणारं रक्तच कमी पोचतं. फ्यूजन न जुळण्याचं हे ओळखीचं कारण आहे. किमान चार आठवडे आधी बंद करा आणि नंतर निदान तीन महिने हात लावू नका. मशेरी लावणाऱ्या बायका "व्यसन आहे का?" या प्रश्नाला नाही म्हणतात, कारण घरात तिला व्यसन मानतच नाहीत. डॉक्टरांना नाव घेऊन सांगा.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी आताच करा. आठच्या वर असेल तर बरेच सर्जन तारीख पुढे ढकलतात, कारण जखमेत जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. वाढलेली साखर महिनाभर आधी कळली तर सुधारायला वेळ असतो, आदल्या दिवशी कळली तर रजाच वाया जाते. हिमोग्लोबिन आणि व्हिटॅमिन डी सोबतच पाहून घ्या. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधली चिखली, पाठीवरचं गळू हे सगळं आधी बरं करून घ्यायचं असतं.

औषधांची यादी करा आणि भूलतज्ज्ञासमोर ठेवा. रक्त पातळ करणारी औषधं, म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाने घ्यायचा. स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या तीन दिवस आधी बंद करतात, नाहीतर उपाशी पोटी रक्तातलं आम्ल धोकादायक वाढू शकतं. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही, ते विचारून घ्या. वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा. त्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, अश्वगंधा, लसणाच्या आणि हळदीच्या कॅप्सूल यादीत हमखास राहून जातात.

एक गोष्ट रोज सराव करून शिकण्यासारखी आहे: अंथरुणातून उठणं. उताणे झोपा, गुडघे दुमडा. खांदा, कंबर आणि गुडघे एकाच वेळी ओंडक्यासारखे कुशीवर वळवा, मधे पीळ पडू देऊ नका. पलंगाच्या कडेला आल्यावर पाय खाली सोडा आणि त्याच वेळी खालच्या कोपराने व वरच्या तळहाताने रेटून बसते व्हा. झोपताना हेच उलटं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुखत असताना हे शिकण्यापेक्षा आता रोज पाच वेळा केलं की अंगवळणी पडतं. खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि रोज झेपेल तेवढं चालणंही चालू ठेवा.

घर

पलंगाची उंची मोजा. कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी वर राहिली पाहिजे. साधारण अठरा ते वीस इंच. जमिनीवरची गादी, मांडी घालून बसणं, पाटावर जेवणं हे काही महिने बंद.

देशी शौचालयाचा प्रश्न आधी सोडवा. पहिले कित्येक आठवडे उकिडवं बसता येत नाही. घरात कमोड नसेल तर कमोड खुर्ची भाड्याने मिळते. ती देशी भांड्यावर नीट बसते का आणि दार लागतं का, हे आधी ठेवून पाहा. कमोड बुटका असेल तर वर चार ते सहा इंचांचं उंच आसन लावा. चाळीत सामाईक शौचालय असेल तर पहिले पंधरा दिवस कमोड असलेल्या नातेवाइकांकडे राहणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

न्हाणीघरात बादली जमिनीवर ठेवू नका, एका स्टुलावर ठेवा आणि दुसऱ्या उंच स्टुलावर स्वतः बसा. म्हणजे तांब्याने पाणी घ्यायला वाकावं लागत नाही. सैल पायपुसणं काढून टाका, रबरी चटई घाला. रोजच्या वापराच्या वस्तू, तवा, डबे, औषधं, चार्जर, कंबर ते खांदा या उंचीत आणून ठेवा. खाली पडलेली वस्तू उचलायला लांब दांड्याचा चिमटा घ्या. चपला मागून पट्टा असलेल्या किंवा सरकवून घालायच्या, लेस बांधायला वाकायचं नाही.

पहिले पाच-सात दिवस घरात सतत कुणीतरी हवं. त्या माणसालाही रजा लागणार आहे, ती तुमच्याच अर्जाबरोबर ठरवा. याच दिवसांत येणारे हप्ते आणि बिलं स्वयंचलित करून ठेवा. कार्यालयातल्या कामाची यादी, अर्धवट फायली आणि सहीचे अधिकार कुणाकडे जाणार ते लेखी द्या, पासवर्ड मात्र देऊ नका.

आदला दिवस आणि रुग्णालय

पाठीचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात. गरज असेल तर थिएटरमध्ये क्लिपरने काढतात. आदल्या रात्री आणि सकाळी सांगितलेल्या औषधी साबणाने अंघोळ करा. नखपॉलिश काढा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, अंगठ्या घरीच ठेवा, कारण थिएटरमध्ये विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करतात आणि धातूजवळ भाजण्याचा धोका असतो. बोटात रुतलेली जोडवी आठवडाभर आधी सोनाराकडून कापून घ्या. हलणारा दात असेल तर भूलतज्ज्ञाला दाखवा.

उपाशी राहण्यात सगळ्यात जास्त घोळ चहाने होतो. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं, हलकं खाणं सहा तास, तळलेलं आठ तास. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात धरतात. सकाळी सातला "अर्धा कप" घेतला की दहाचं ऑपरेशन पुढे जातं. रुग्णालयाने वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा.

पिशवीत पुढून उघडणारे सैल कपडे, इलॅस्टिकचा पायजमा किंवा गाऊन, पट्ट्याच्या चपला, लांब वायरचा चार्जर, एमआरआय, सगळे रिपोर्ट, आधार, पॅन, विमा कार्ड आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स असू द्या. कंबरपट्टा सर्जनने सांगितला तरच घ्या, आणि माप देऊन.

घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस

घरी येताना रिक्षा नको. गाडीची पुढची सीट पूर्ण मागे सरकवून थोडी कलती करा. आधी सीटवर बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली तर वळणं सोपं जातं. दीड-दोन तासांहून लांबचा रस्ता असेल तर दर पाऊण तासाला थांबून दोन मिनिटं चाला.

चालणं हेच या काळातलं औषध. सुरुवातीला पाच-पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा, सपाट जागेवर. बसणं एका वेळी पंधरा-वीस मिनिटांवर ठेवा, जेवणापुरतं. भेटायला येणाऱ्यांसमोर तासभर सोफ्यावर बसून राहणं हे या पंधरवड्यातलं सर्वांत जास्त दिसणारं नुकसान आहे. सोफा खोल आणि मऊ असतो, कंबर त्यात गोल होते. पाहुण्यांना झोपून भेटायला काहीच हरकत नाही.

बद्धकोष्ठता नक्की होणार असं धरून चला. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या, कमी हालचाल आणि कमोडची सवय नसणं, तिन्ही एकत्र येतात. कुंथल्याने कंबर भयंकर दुखते. पाणी, पपई, भाज्या आणि डॉक्टरांनी दिलेलं रेचक पहिल्या दिवसापासून घ्या, चौथ्या दिवसाची वाट पाहू नका. इसबगोल घेत असाल तर भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर उलटच होतं.

जखम कोरडी ठेवा. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. जखम लाल होऊन गरम लागणं, पू, १००.४ च्या वर ताप, पाण्यासारखा पातळ स्राव आणि उठून बसलं की डोकं ठणकणं, एका पोटरीला सूज, ही लक्षणं दिसली तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला कळवा. धाप लागली तर थेट तातडीच्या विभागात जा. लघवी-शौचाची जी लक्षणं वर दिली, ती ऑपरेशननंतरही तितकीच तातडीची आहेत.

कामावर परतताना

परतायच्या दोन आठवडे आधी घरी रंगीत तालीम करा. कामाच्या खुर्चीसारख्या खुर्चीत पाऊण तास बसा, पाच मिनिटं उठा, पुन्हा बसा. असे चार फेरे दुपारपर्यंत निभले तर अर्ध्या दिवसाचं काम झेपेल. नाही निभले तर तपासणीत सांगा आणि रजा वाढवून घ्या. अर्जात ती सोय आपण आधीच ठेवली आहे. प्रवासाचीही तालीम करा, गर्दीची वेळ सोडून.

तंदुरुस्तीच्या दाखल्यावर नुसतं "कामास योग्य" नको. "सलग ४५ मिनिटांपेक्षा जास्त बसणे नाही, ५ किलोंपेक्षा जास्त वजन नाही, अमुक तारखेपर्यंत" अशा मापात लिहून घ्या. वरिष्ठांना "जरा सांभाळून घ्या" या विनंतीवर काही करता येत नाही, आकड्यावर करता येतं. पहिला दिवस सोमवार घेऊ नका. बुधवारी किंवा गुरुवारी सुरुवात केली की दोन-तीन दिवसांत शनिवार-रविवार येतो.

खुर्चीला पाठ असावी, कमरेच्या पोकळीत गुंडाळलेला टॉवेल ठेवा, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. फोन आला की उभं राहून बोला. कार चालवायला साधारण चार ते सहा आठवड्यांनी परवानगी मिळते, तीही गुंगीच्या गोळ्या बंद झाल्यावर आणि जोरात ब्रेक दाबताना कळ येत नसेल तरच. दुचाकीला सहा ते आठ आठवडे, फ्यूजननंतर बारा, आणि खड्ड्यांचा रस्ता असेल तर आणखी थोडं. एसटीत मागच्या चाकावरची सीट टाळा.

गादीच्या ऑपरेशननंतर साधारण ५ ते १० टक्के लोकांमध्ये त्याच जागी गादी पुन्हा सरकते. परतल्यानंतरच्या आठवड्यात संध्याकाळी कंबर भरून येणं, रात्रीच्या झोपेनंतर ती मोकळी होणं हे अपेक्षित आहे. त्यावर बसायचा वेळ कमी करायचा आणि चालणं चालू ठेवायचं. पण पायातली तीच जुनी कळ अचानक परत आली आणि दोन-तीन दिवसांत उतरली नाही, तर सर्जनला दाखवा. तोवर वाकणं, वजन आणि लांबचा प्रवास बंद ठेवा.